फायरवॉलपलीकडची पावती

फार जुनी गोष्ट नाही. एक जंगल होतं आणि तिथे लोकशाही होती, म्हणजे सिंह दर वेळी मतदानाने निवडून यायचा. आपण त्याला मत दिलं नाही, असं एकही हरीण अजून म्हणालेलं नाही.

सिंहाने धान्याचं कोठार ऑनलाइन केलं. कचेरीत संगणक, कोठारात प्रिंटर, मधे तार. संगणक चालवायला त्यावर लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, त्यामुळे त्याचं टेंडर काढायला जरा वेळ लागला. सुरक्षामंत्री तरसाने तारेवर फायरवॉल उभी केली. कुठला निरोप जाऊ द्यायचा नि कुठला अडवायचा, हे ती भिंत ठरवायची.

नियम साधा होता. प्रिंटरमधून पावती निघाली तरच धान्य. चिंगूबाई खारीची पिल्लं घरी उपाशी होती, आणि कोठारातलं धान्य तिनेच वेचून भरलेलं होतं. कचेरीतल्या वानराने पावतीसाठी तिचा फोटो काढला आणि बटण दाबलं. काहीच निघालं नाही.

"बिघडलाय का हो, साहेब?"

"छे! हाक मारली की ओ देतो. फक्त काम घेत नाही."

"म्हणजे आमच्या आमदारासारखाच."

चौकशी बसली. पहिल्या समितीने शाई बदलली. दुसरीने प्रिंटर बदलला. तिसरीने मागच्या सरकारवर ठपका ठेवून नव्या प्रिंटरवर नारळ फोडला. पाणी आत गेलं, म्हणून पुन्हा प्रिंटर बदलला. प्रचारप्रमुख कोल्ह्याला मात्र खारीचा फोटो भारी आवडला. त्याने तो निवडणुकीच्या पोस्टरवर घेतला. पोस्टर निघेना, तसा तो रोज येऊन पुन्हा पुन्हा बटण दाबून जायचा.

"अहो, ती भिंत घटकाभर बंद करून बघा की!" चिंगूबाई शेवटी वैतागली.

तरस खवळला. "भिंतीवर संशय? भिंत आहे म्हणून तू सुखाने झोपतेस!"

"उपाशीपोटी झोप लागत नाही, साहेब."

तिचं कुणी ऐकलं नाही. पण मतदान तोंडावर आलं, सिंहाने पोस्टरं मागितली आणि भिंत लगेच बंद झाली. प्रिंटर खडखडायला लागला. म्हणजे खोट भिंतीतच होती. भिंतीत प्रिंटरपुरतं एक दार ठेवलं असतं तरी भागलं असतं. उंदरांसाठी दार होतं, लांडग्याच्या मेव्हण्यासाठी होतं. प्रिंटरसाठी नव्हतं.

"त्याने अर्जच केला नाही," तरस म्हणाला.

रांगेत तुंबलेलं सगळं आता धडाधड बाहेर पडू लागलं, प्रचाराचं आधी, बाकीचं मागून. पोस्टर, पोस्टर, पोस्टर. वर सिंह, खाली हात जोडलेली चिंगूबाई: "पोटभर मिळालं, महाराज!" तिच्या पावतीचा नंबर आला आणि कागद संपला. जंगलाच्या सुरक्षेसाठी तरसाने भिंत पुन्हा चालू केली.

चिंगूबाईने एक पोस्टर उचललं आणि कोठाराच्या दारावरच्या रानडुकराकडे गेली.

"पावती नाही निघाली, दादा. पण फोटो माझाच आहे बघा. पिल्लांपुरतं तरी द्या."

रानडुकराने पोस्टर नीट वाचलं. मग दार लावून घेतलं.

"बाई, मिळालं म्हणून छापून आलंय की! आणखी किती वेळा मागशील?"