बत्ताशाची कडू गोळी

एका बाजारपेठेच्या गावात एक पेढेवाला होता, मायाळू आणि तितकाच हट्टी. त्याच्याकडे एक पांढराशुभ्र कुत्रा होता, नाव बत्ताशा. कढई उतरली की पहिला पेढा देवापुढे आणि दुसरा बत्ताशाच्या तोंडात, हा दुकानाचा नेम. हा नेम कधी चुकला नाही, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं!

बत्ताशाची तहान वाढली. बादलीभर पाणी पिऊनही भांडं चाटत बसायचा. अंग झडलं, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. पेढेवाल्याने घाबरून गुरांच्या वैद्याला बोलावलं.

वैद्यबुवा म्हणाले, "याला साखर बाधलीय. सकाळ-संध्याकाळ ही एकेक गोळी. गोडाचा कणही नको."

"किती दिवस?"

"जन्मभर. हा आजार जात नाही, सांभाळावा लागतो. जमणार नसेल तर आत्ताच सांग, माझी पायपीट तरी वाचेल."

"जमणार नाही म्हणजे काय! पोटच्या पोरासारखा आहे तो मला!"

गोळी होती कडूजहर. बत्ताशाने हुंगली, तोंड फिरवलं आणि असं केविलवाणं बघितलं, की पेढेवाला विरघळलाच. मग या शहाण्याने काय करावं? गोळी पेढ्यात घालून दिली! सकाळी एक पेढा, संध्याकाळी एक, शिवाय नेमाचा होताच.

बायको म्हणाली, "अहो, गोड नको म्हणालेत ना?"

"अगं, आत गोळी आहे ना! ती पेढ्याला पुरून उरेल."

तिने कपाळाला हात लावला.

महिन्याभराने बत्ताशा दाराच्या चौकटीवर आपटू लागला. पेढेवाला तणतणत वैद्याकडे गेला. "बुवा, तुमची गोळी कुचकामाची! मी एक दिवस चुकवली नाही."

"देतोस कशात?"

"पेढ्यात."

वैद्यबुवा जे कडाडले! "अरे भल्या माणसा, औषध दिलंस की आगीत तेल ओतलंस? तो रुसू नये म्हणून त्याचे डोळे घालवलेस! ते आता परत यायचे नाहीत. जीव राखायचा का, तेवढं ठरव."

पेढेवाला घरी आला. संध्याकाळी कढई उतरली. वासावर बत्ताशा चाचपडत आला आणि आशेने तोंड वर करून बसला. पेढेवाल्याने त्याचा जबडा धरला, गोळी घशात सारली आणि तोंड दाबून धरलं. बत्ताशा गुरगुरला, हिसडा देऊन सुटला आणि शेजारच्या ओट्यावर पाठ फिरवून बसला.

"रूस मेल्या, हवा तेवढा रूस!" पेढेवाला रडत ओरडला. "पण जग!"

आठ दिवस बत्ताशाने त्याच्याकडे तोंडही केलं नाही. गोळी मात्र रोज घशात जात राहिली. दुसरा पेढा आता बायकोला मिळू लागला. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं!

हळूहळू बत्ताशाची तहान आटोक्यात आली, अंग भरलं. नजर काही आली नाही. पण पुढे कितीतरी वर्षं कढई उतरल्याचा आवाज झाला, की तो कुरकुरत यायचा, धन्याच्या पायाशी बसायचा आणि आपणहून तोंड उघडायचा.

तात्पर्य काय, तर लाड कुणीही करतं. ज्याला जगवायचं, त्याचा रुसवाही सोसावा लागतो.