राजाची टाळी

एका राज्यात राजाच्या टाळीला भारी मान होता. राजाने टाळी वाजवली की प्रजेने वाजवायची, राजा गप्प तर प्रजाही गप्प, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आणि राजा रिपुंजयाला टाळ्या पिटायची हौस तरी केवढी! उग्रकेश नावाचा जादूगार जनावरांचे खेळ घेऊन नगरात आला, तेव्हापासून तर स्वारी रोज तंबूत. हत्ती तिवईवर बसे, वाघ पेटत्या कड्यातून उडी घेई. युवराज सुधन्वा एकटाच म्हणाला, की या मुक्या जिवांना सोडून द्या. दुसऱ्याच दिवशी तो नाहीसा झाला, आणि तंबूत एक नवं अस्वल नाचू लागलं. राजाने रान रान धुंडाळलं, पण पोराचा पत्ता लागेना.

मग एके सकाळी तंबूतून निसटलेली साळुंकी राजाच्या गवाक्षात बसली आणि माणसासारखी बोलली.

"महाराज, ते अस्वल तुमचा पुत्र आहे. तुमच्या टाळीवर उग्रकेशाचा चाबूक जगतो, आणि चाबूक जिवंत आहे तोवर उग्रकेशाला शस्त्र लागायचं नाही. आजचे तिन्ही खेळ टाळीवाचून गेले, तर शाप सुटेल. एक जरी टाळी पडली, तर युवराज कायमचा अस्वल."

 इतके दिवस आपण कशाला टाळ्या वाजवत होतो, ते आठवून राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला खेळ हत्तीचा. अंकुशाच्या जखमेतून रक्त ठिबकत होतं; राजाला ते आज पहिल्यांदा दिसलं. त्याने हात मांडीखाली दाबून धरले. दुसरा वाघाचा. मिशा जळल्याचा वास सुटला. उग्रकेश जवळ येऊन हळूच म्हणाला, "महाराजांचे हात आज आखडले काय?" राजाने हात आणखीच घट्ट दाबले.

तिसऱ्या खेळाला तापलेला पत्रा अंथरला. सारं नगर ज्याला नाच म्हणे, तो नाच कसला, चटक्यांनी पाय उचलणं होतं ते. अस्वल नाचता नाचता कोसळलं. चाबूक कडाडला, तरी उठेना. राजाला वाटलं, गेलं माझं लेकरू. तेवढ्यात अस्वल धडपडत उभं राहिलं. राजाचा जीव भांड्यात पडला, आणि मेली जन्माची सवय, त्याचे दोन्ही हात आपोआप वर उठले. तळवे भिडणार, तोच राजाने पुढे झेप घेतली आणि ते तापल्या पत्र्यावर दाबून धरले.

कातडी चरचरली. टाळी पडली नाही. चाबूक उग्रकेशाच्या हातातच राख झाला, आणि त्यामागोमाग उग्रकेशही. पिंजरे उघडले. हत्ती आणि वाघ कुणाला ओरखडाही न काढता रानाच्या वाटेला लागले. त्या राज्यात पुन्हा कधी तंबू उभा राहिला नाही. अस्वलाच्या जागी युवराज सुधन्वा उभा होता.

"बाळा," म्हणत राजाने त्याला जवळ घ्यायला हात उचलला. त्याबरोबर युवराज थरथरत एकेक पाय उचलून नाचू लागला. राजाने हात खाली घेतला. तो तिथेच मातीत बसला, आणि पोराचे पाय थांबेपर्यंत उठला नाही.