फुगडीतल्या दोन मुक्या गिरक्या

एकदा एक लग्न फुगडीवरून अडले. नवरी वरवाडीची, नवरा तळवाडीचा. नवरीला हळद लागली आणि तळवाडीहून आलेल्या बायकांनी मांडवात फुगडी धरली. नवरीची आत्या मध्येच म्हणाली, "चाल आमची, शब्द तेवढे बदललेत. चोरलेलं निदान ज्याचं त्याच्या मांडवात तरी मिरवू नये."

फुगडी थांबली.

"कोणी कोणाचं चोरलं, ते तुमच्या पणजीला विचारा," वरमाय म्हणाली.

मग दोन्ही गावांच्या मेलेल्या पणज्या साक्षीला निघाल्या. शेवटी नवरीचे वडील उठले. "फुगडी वरवाडीची, एवढं कबूल करा. नाहीतर मुलगी जाणार नाही." वरपक्षाने बैल जुंपायला घेतले.

नवरीची धाकटी बहीण टेकडीवरच्या एका वृद्ध गुरुजींची शिष्या होती. ती धापा टाकत त्यांच्याकडे पोहोचली. "गुरुजी, ताई हळदीच्या अंगाने तशीच बसलीय. रडतसुद्धा नाही. तुमच्या जुन्या पोथ्यांत काही असेल तर निकाल द्या."

"आणि निकाल तुझ्या वडिलांच्या विरुद्ध गेला तर?"

शिष्येने वळून खाली मांडवाकडे पाहिले. निकाल वडिलांच्या बाजूने गेला तरी बैल जुंपलेलेच राहणार, हे तिला तेव्हाच उमगले.

गुरुजी पोथी न घेताच मांडवात आले. त्यांनी दोन्ही गावांना आपापली फुगडी वेगवेगळी घालायला सांगितली. वरवाडीच्या बायका गायल्या, "तुझ्या गावच्या चिखलात वहाण गं मागे उरते." मग दोन गिरक्या मुक्याने, आणि पुन्हा तीच ओळ. तळवाडीच्या गायल्या, "तुझ्या गावच्या विहिरीत घागर गं वाट विसरते." पुन्हा दोन गिरक्या मुक्या.

"आता तुम्ही दोघी," गुरुजी आत्याला आणि वरमायला म्हणाले. "एकमेकींचे हात धरा आणि आपापलं गा."

मांडवात कुजबुज झाली. म्हाताऱ्याला हे काय सुचले?

"हिचे हात धरू?" आत्या म्हणाली. "मध्येच सोडले तर माझं डोकं फुटेल."

"तीही हेच म्हणत असेल मनात. म्हणून दोघी घट्ट धराल."

हात गुंफले गेले. दोघी मागे रेलल्या, पाय फिरू लागले. शिष्येने डोळे मिटून घेतले. आत्याने चिखलाची ओळ म्हटली आणि सवयीने गप्प झाली. त्या दोन गिरक्यांत वरमायची विहीर नेमकी येऊन बसली. वरमाय थांबली, तिथे पुन्हा चिखल. कुठे धक्का नाही, कुठे फट नाही. बैलांपाशी गेलेले लोक मागे वळून पाहू लागले.

फुगडी थांबली तरी दोघींनी हात सोडले नाहीत. चक्कर येत होती.

शिष्येने विचारले, "मग ही कोणाची, गुरुजी?"

"पहिली कोण गायली, ते मला ठाऊक नाही, आणि पोथीलाही नसेल. पण त्या दोन गिरक्या दम घ्यायला आहेत असं तुम्ही धरून चाललात. त्या उत्तर ऐकायला होत्या. वरवाडीची विहीर खोल, तळवाडीत नदीचा चिखल. एकीने चिडवलं, दुसरीने हात न सोडता परतफेड केली. पुढे दोन्ही गावांनी आपल्याला झोंबणारी ओळ गाळली आणि उरलेल्या अर्ध्यालाच आपलं मूळ म्हटलं. एकटीने गरगर फिरण्याला कोणी फुगडी म्हणत नाही, बाळ."

नवरीचे वडील मांडवाच्या खांबाकडे पाहत होते.

वरमायने श्वास सावरला. "विहीणबाई, उद्या मुलीला आमच्याकडे पोहोचवायला याल तेव्हा वहाणा हातात घ्या. चिखल आहे, खरंच."

"आणि आमची विहीर खोल आहे," आत्या म्हणाली. "तेही खरंच."

वडील मग हळूच म्हणाले, "बैल सोडा."

शिष्या ताईजवळ जाऊन बसली. वाळलेली हळद ताईच्या मनगटावर भेगाळली होती. आता कुठे ती रडू लागली होती.

भांडताना आपण दम घ्यायला थांबतो, तिथे कदाचित समोरच्याची ओळ असते.