जांभळीवरची गाठ

रानात कुऱ्हाडीचा आवाजही पोचला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पाणवठ्याच्या काठावर कुणी घर करायचं नाही, असा त्या रानाचा नियम होता. बाकी कुठेही बीळ खणायचं, तरी आधी जांभळीला गवताची गाठ बांधायची. ज्याची हरकत असेल, त्याने ती सोडायची.

सायाळीला पिल्लं व्हायची होती. तिने काठावरची मऊ जागा मागितली. "नियम म्हणजे नियम!" पंच असलेला कोल्हा खेकसला. तिला ते पटलं. ती मुकाट्याने खडकाळ माळावर गेली.

एके सकाळी ती पाण्यावर आली, तर काठावर बिबट्याने ऐसपैस बिऱ्हाड थाटलेलं. हरणं, ससे तहानलेले लांबच उभे. सायाळीचे काटे ताठ झाले. ती तडक कोल्ह्याकडे गेली.

"काठावर घर कसं? निदान गाठ तरी बांधली होती?" तिने विचारलं.

"बांधली की! बिबट्याच्या जुन्या गुहेत, अगदी आत. कुणीच हरकत घेतली नाही, म्हणून मी परवानगी दिली."

"तिथे शिरून परत कोण येतं रे? काठ मोकळा ठेवला होता तो सगळ्यांना पाणी प्यायला मिळावं म्हणून! मला हाकलताना बरा नियम आठवला तुला!"

"पंचाशी नीट बोल," कोल्हा म्हणाला. "आधीच घसा कोरडा पडलाय माझा."

"मग जा ना पाण्यावर," सायाळ म्हणाली. "परवानगी तूच दिलीस."

कोल्ह्याने पाणवठ्याकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि जिभेने ओठ चाटत राहिला.