पाटलांची भिंत आणि कुंभारणीची माती

मुलांनो, आणि मुलांना पुढे बसवून मागून गुपचूप ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. त्या गावात सपाट जागा म्हणून नव्हतीच. घर बांधायचं तर आधी पुढे भिंत घालायची, भिंतीमागे भर टाकायची आणि मग त्यावर अंगण करायचं. त्यामुळे वरच्याच्या अंगणाची भिंत खालच्याच्या परसात उभी असायची.

सगळ्यात वर पाटील राहायचे. त्यांच्या अंगणाखाली, भिंतीला अगदी लागून, एका विधवा कुंभारणीचं घर होतं. पाटील मनाने वाईट नव्हते हो. फक्त 'लोक काय म्हणतील' हा एक भुंगा त्यांच्या डोक्यात सदा गुणगुणत असे.

पाटलांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. अंगणाची जुनी भिंत कलली होती, म्हणून त्यांनी गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. गवंड्याने पाया खोल घेतला आणि नवी भिंत उभी केली. भिंतीमागे दगडगोटे भरले. तळाशी, जमिनीपासून वीतभर वर, ओळीने अकरा भोकं ठेवली. आणि अंगणाला भिंतीकडून बाजूच्या ओहोळाकडे उतार दिला, हातामागे बोटभर.

पाटील बघायला आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत? या अंगणात पंगत बसली की एकाच्या पत्रावळीतलं वरण दुसऱ्याच्या भातात जाईल! व्याही काय म्हणतील?"

"वरण द्रोणात वाढा, पाटील," गवंडी म्हणाला. "पाण्याला द्रोण नसतो."

"आणि ही खालची भोकं? नव्या भिंतीला उंदरांची बिळं?"

"ती पाण्याची वाट आहे. काळी माती पाणी पिते आणि फुगते. ते पाणी बाहेर पडलं नाही, तर माती भिंतीला ढकलते. माती फार जोराची असते, पाटील."

"असू दे. आमची भिंत काय कमी जोराची आहे?"

गवंड्याने ओळंबा गुंडाळला, रामराम केला आणि तो घरी गेला. पाटलांनी दुसऱ्याच दिवशी गडी लावले. शेतातली काळी माती आणून अंगण ताटासारखं सपाट केलं आणि अकराही भोकं चुन्याने लिंपून टाकली.

लग्न थाटात झालं. पंगती उठल्या. वरण जिथल्या तिथे राहिलं. व्याह्यांनी अंगणाची तोंड भरून स्तुती केली आणि पाटलांना आकाश ठेंगणं झालं. गोष्ट इथेच संपली असती तर पाटीलच शहाणे ठरले असते. पण आषाढ अजून यायचा होता.

आषाढात आठ दिवस पाऊस कोसळत राहिला. पाटलांच्या सपाट अंगणात पाणी तुंबलं आणि हळूहळू खाली मुरलं. त्याच दिवसांत कुंभारणीची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. बाळ पाच दिवसांचं होतं आणि बाळंतिणीची बाज मागच्या खोलीत, भिंतीच्या बाजूलाच होती.

एके सकाळी कुंभारीण परसात लाकडं आणायला गेली आणि तिथेच थबकली. भिंतीला मधोमध उभी भेग पडली होती आणि भेगेच्या दोन्ही बाजूंनी भिंत पोट काढून पुढे आली होती. बाई घाबरली खरी, पण जन्मभर मातीत हात घातलेली होती. तिने चाकाजवळचा मळलेल्या मातीचा एक गोळा घेतला, भेगेवर आडवा थापला, अंगठ्याने चपटा केला आणि तडक वर गेली.

"पाटील, भिंत फुगलीया."

"नवी भिंत आहे, मावशी. थोडी बसणारच." पाटील बोलले, पण त्यांना स्वतःलाच ते पटलं नव्हतं.

"बसती का सरकती, ते माझी माती सांगंल. दुपारच्याला खाली या."

दुपारी पाटील खाली गेले. ओल्या मातीच्या त्या पट्टीचे मधून फाटून दोन तुकडे झाले होते. मधल्या फटीत ज्वारीचा दाणा सहज गेला असता. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. आपण पंगतीपायी हे काय करून बसलो, या विचाराने पाटलांना कुंभारणीकडे बघवेना.

पण पाटील तिथे नुसते उभे राहिले नाहीत. गडी न पाठवता, भर पावसात ते स्वतः गवंड्याच्या दारी गेले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "भिंत सरकतेय. चला."

गवंड्याने टोमणा मारला नाही. त्याने एवढंच विचारलं, "बाळंतीण कुठं आहे?"

आधी बाळ-बाळंतिणीला पाटलांच्या माजघरात नेलं. पाटलीणबाईंनी शेगडी पेटवली. मग गवंड्याने गड्यांना अंगणात, भिंतीपासून लांब, चर खणायला लावला, म्हणजे वरचं तुंबलेलं पाणी ओहोळाकडे निघून जाईल. अंगण रिकामं झाल्यावर तो म्हणाला, "आता भोकं. कडेपासून एकेक उघडायची, मधली सगळ्यात शेवटी. पण उघडणाऱ्याला भिंतीखाली उभं राहावं लागंल."

गडी एकमेकांकडे बघू लागले.

"द्या इकडे ती पहार," पाटील म्हणाले. "बुजवायला मी सांगितलं. उघडीनही मीच."

पहिल्या भोकाचा चुना फुटला आणि काहीच झालं नाही. दुसऱ्यातून थोडा गाळ ओघळला. तिसऱ्यातून मात्र चिखलाच्या पाण्याची धार अशी सुटली, की पाटील फेट्यापासून पायापर्यंत माखले. मग चौथं, मग पाचवं. अकराही भोकांतून पाणी धो धो वाहू लागलं. आधी काळं, मग तांबूस, मग नितळ.

कुंभारणीने भेगेवर मातीची नवी पट्टी थापली आणि सगळे त्या पट्टीवर नजर ठेवून बसून राहिले. भूक लागली होती, पण जेवायला कुणी उठेना. दिवस मावळायला आला तेव्हा कुंभारणीने पुढे होऊन पट्टीवरून अंगठा फिरवला. पट्टी अखंड होती.

"थांबली," ती म्हणाली. "भिंत थांबली, पाटील!"

पाटील चिखलातच मटकन बसले आणि लहान पोरासारखे हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. गवंड्याने सुस्कारा सोडला आणि पानाची चंची उघडली. वरून पाटलीणबाईंनी हाक दिली, "अहो, बाळ झोपलंय, जरा हळू हसा!"

पाऊस सरल्यावर पाटलांनी वरून टाकलेली काळी माती काढली, भिंतीमागचे गाळाने भरलेले दगडगोटे बदलले, भेग सांधून घेतली आणि अंगणाला गवंड्याने सांगितला तेवढा उतार दिला. कुंभारणीने भोकांत बसवायला भाजक्या मातीच्या अकरा नळ्या करून दिल्या. पुढे वरच्या आळीतला जो तो तिच्याकडे तशाच नळ्या मागू लागला. आणि पाटील? पाऊस लागला की ते ओसरीवर बसत, नळ्यांतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत आणि निवांत डुलकी घेत.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात धरा: चारचौघांत शोभावं म्हणून पाण्याची वाट बुजवू नये, आणि बुजवलीच तर लाज सोडून ती आपल्याच हाताने, वेळेत मोकळी करावी.