लाल पेशीचं फिरतं दार

फार पूर्वी क्लोराइडराव नावाचा एक तोरेबाज कण लाल रक्तपेशीपाशी आला. अंगात विद्युतभार असल्यामुळे पेशीची तेलकट भिंत त्याला आत घेईना.

"अहो, या फिरत्या दाराने या," दारवान प्रथिन म्हणालं.

आतून कार्बन डायऑक्साइडपासून बनलेल्या, तशाच विद्युतभारित बायकार्बोनेटबाई त्याच दाराशी आल्या. "आधी मी बाहेर पडणार!"

"छे, आधी मी आत येणार!" क्लोराइडराव ओरडले.

दार अडलं. बाईंमागे आत कोंडलेल्या बायकार्बोनेटांची गर्दी वाढली आणि पेशी कळवळू लागली. क्लोराइडराव वरमले. "बरं बाई, व्हा पुढे." तरीही दार हलेना.

"अहो, ते एकट्याने फिरतच नाही!" दारवान वैतागलं.

मग दोघांनी मिळून ढकललं. दार गर्रकन फिरलं. राव आत पडले, बाई बाहेर.

"बघा, मीच आधी!" दोघंही एका सुरात म्हणाली.