बियाण्यावर बसलेली तान्हाई

तळेखडीला अजून वेसही नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. तिथं तान्हाई नावाची एक म्हातारी पेरणारीण राहायची. तीन फणांची तिफण बैल ओढतात, तिच्यावर चाडं नावाचं लाकडी भांडं असतं, आणि मागून चालत त्या चाड्यात मुठीनं बी सोडते ती पेरणारीण. तान्हाईची मूठ इतकी सारखी, की ज्वारी दोरी धरून उगवल्यासारखी दिसायची, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत हटेना. धान्याच्या कणग्यांत ओल शिरली, बियाणं कुजलं, आणि उरलं ते जेमतेम एका पेरणीपुरतं. ते वाया गेलं असतं तर गावावर उपासमारच आली असती. पण पाऊस उघडला त्याच सकाळी सुभानजी पाटील बारा तिफणी जुंपून शिवारात हजर! भारी उतावळा माणूस.

तान्हाईनं काळी माती मुठीत दाबली आणि कमरेच्या उंचीवरून सोडली. गोळा फुटला नाही.

"पाटील, वाफसा न्हाई आला. आत्ता पेरलं तर बी कुजंल."

वाफसा म्हणजे पाणी मुरून माती मोकळी होते, तरी आत ओल टिकून असते, ती वेळ. ती येते आणि लगेच निघूनही जाते.

तीन दिवस गेले. शेजारच्या गावानं हलगी वाजवत पेरून टाकलं. पाटलाचा धीर सुटला. "काकू, उद्या चाड्यावर दुसरी बाई उभी करतो."

तान्हाई सरळ शिवारात उतरवलेल्या बियाण्याच्या पोत्यांवर जाऊन बसली. भाकरी तिथंच, झोप तिथंच. पाटील एवढा तालेवार, पण काकूला हात धरून उठवायचं कसं? तो नुसता मिशा ओढत फेऱ्या मारत राहिला. तान्हाईलाही धाकधूक होतीच. आपलं चुकलं तर पोरंबाळं उपाशी मरतील, या विचारानं ती बसल्या जागेवरून हात लांबवून पुन्हापुन्हा माती दाबून बघायची.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं सोडलेला गोळा भुसकन फुटला. "जुंपा रे!" म्हणत म्हातारी टुणकन उठली. बाराही तिफणीवाले पुढं शपथेवर सांगत, की तान्हाई माझ्याच मागं चालत होती. शेवटचं तास, म्हणजे तिफणीची शेवटची ओळ, संपेपर्यंत सूर्य टेकडीवर थांबला, असं म्हणतात. शेजाऱ्यांचं बी कुजलं. तळेखडीत मात्र एवढं पिकलं, की शेजाऱ्यांनाही गाड्या भरून धाडलं.

आजही तिथं पेरणीआधी गावातली सगळ्यात वयस्कर बाई पोत्यांवर बसते. पाटलाच्या घरचा माणूस हात जोडून विचारतो, "काकू, उठता का?" काकू ठेचा-भाकरी मागतात, चार टोमणे मारतात, माती दाबून बघतात.

गेल्या वर्षी डिझेल भरलेला ट्रॅक्टर बांधावर उभा होता. काकू अडीच दिवस उठल्या नाहीत. ट्रॅक्टरला किल्ली लावायची कुणाची छाती झाली नाही.